जपानी भाषेतलं ‘जर-तर’: तो, बा, तारा, नारा यांतलं कुठे काय वापरायचं

जपानीत ‘जर’ला फारशी किंमत नाही, सगळा कारभार ‘तर’च्या हाती आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘मोशि’ (जर) ठेवलं काय आणि गाळलं काय, बहुतेक वेळा अर्थ तोच राहतो. पण अटीच्या क्रियापदाला शेवटी जे जोडायचं ते चुकलं, की वाक्य एकतर मोडतं नाहीतर भलताच अर्थ देतं. आणि जोडायला एक नाही, चार गोष्टी आहेत: तो, बा, तारा, नारा.

इंग्रजीतून शिकताना या चारींच्या पुढे एकच अर्थ लिहिलेला असतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. मराठीकडे मात्र या कामाला बरेच शब्द आहेत: ‘दाबलं की’, ‘घेतलं म्हणजे’, ‘आला तर’, ‘पोचल्यावर’, ‘जाणार असशील तर’. जपानीतले चार प्रकार यांच्याशी बरेचसे जुळतात. म्हणून मध्ये इंग्रजी न आणता थेट मराठीतून जपानीत जायचं, ही या लेखाची पद्धत. जिथे मराठी फसवते त्या जागाही पुढे सांगितल्या आहेत.

वाचण्यापूर्वी उच्चारांचं थोडं. ‘त्सु’ हा ‘चुना’मधल्या च-सारखा. ‘जु’ आणि ‘जा’ यांतला ज ‘जुना’, ‘जाड’मधला, ‘जि’मधला मात्र ‘जिवंत’मधला. ‘ओओ’ म्हणजे लांबवलेला ओ. जोडाक्षराकडे कानाडोळा करू नका: ‘कितारा’ म्हणजे ‘आलास तर’, ‘कित्तारा’ म्हणजे ‘कापलंस तर’.

एका घोषवाक्यात अर्धं व्याकरण

दारू पिऊन गाडी चालवू नये यासाठी जपानमध्ये एक घोषवाक्य सर्रास वापरतात:

नोंदारा नोरुना, नोरु नारा नोमुना.

‘नोमु’ म्हणजे पिणं, ‘नोरु’ म्हणजे वाहनात बसणं, ‘ना’ म्हणजे नकोस. मराठीत: प्यायलास तर चालवू नकोस, चालवणार असशील तर पिऊ नकोस.

पहिल्या अर्ध्यात ‘नोंदारा’ आहे, म्हणजे ‘नोंदा’ (प्यायला) या भूतकाळी रूपाला ‘रा’. आधी पिणं झालं, मग चालवण्याचा प्रश्न आला. मराठीतही आपण इथे ‘प्यायलास’ असं भूतकाळी रूपच वापरतो, गोष्ट उद्याची असली तरी. दुसऱ्या अर्ध्यात चालवणं अजून व्हायचंय, नुसता बेत आहे, आणि न पिण्याचं पथ्य त्या आधीच पाळायचंय. म्हणून ‘नोरु नारा’. मराठीतही तिथे ‘चालवलीस तर’ म्हणत नाहीत, ‘चालवणार असशील तर’ म्हणतात.

आता दुसऱ्या अर्ध्यात चुकून ‘नोत्तारा नोमुना’ म्हटलं तर? अर्थ होतो, ‘गाडीत बसल्यावर पिऊ नकोस’. म्हणजे गाडीत बसायच्या आधी गुत्त्यावर कितीही ढोसायला मोकळीक! दोन अक्षरांनी घोषवाक्याचा उद्देशच पार बुडाला.

तारा आणि नारा यांतला फरक एवढाच पक्का करा: तारामध्ये अट आधी पुरी होते आणि परिणाम नंतर येतो. नारामध्ये हा क्रम उलटा असू शकतो.

रूपं कशी करायची

तो: क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप जसंच्या तसं घ्या. ओसु → ओसु तो. नकारार्थी ओसानाइ तो. विशेषण यासुइ (स्वस्त) → यासुइ तो. नाम आणि ‘ना’ विशेषणांना (नामाआधी ‘ना’ घेणारी विशेषणं, जसं शिजुका, म्हणजे शांत) मध्ये ‘दा’ लागतो: आमे (पाऊस) दा तो, शिजुका दा तो. हा ‘दा’ विसरणं ही नेहमीची चूक.

बा: शेवटच्या ‘उ’चा ‘ए’ करून बा लावा. काकु → काकेबा, नोमु → नोमेबा, मात्सु → मातेबा, काउ → काएबा, ताबेरु → ताबेरेबा, सुरु → सुरेबा, कुरु → कुरेबा. हा नियम सगळ्या क्रियापदांना चालतो, अपवाद नाही, त्यामुळे चारींत बा बनवायला सोपा आहे. विशेषणात ‘इ’ काढून ‘केरेबा’: यासुकेरेबा. ‘इइ’ (चांगलं) याचं ‘योकेरेबा’, नकाराच्या ‘नाइ’चं ‘नाकेरेबा’. सावध राहायची जागा एक: ‘नोमेबा’ म्हणजे ‘प्यायलं तर’, आणि ‘नोमेरेबा’ म्हणजे ‘पिता आलं तर’.

तारा: भूतकाळाचं साधं रूप अधिक रा. काकु → काइतारा, इसोगु → इसोइदारा, नोमु → नोंदारा, मात्सु → मात्तारा, हानासु → हानाशितारा, ताबेरु → ताबेतारा, सुरु → शितारा, कुरु → कितारा. ‘इकु’ अपवाद आहे, त्याचं ‘इत्तारा’ होतं. गंमत म्हणजे ‘इउ’ (म्हणणं) याचंही ‘इत्तारा’च, कोणतं ते संदर्भावरून ओळखायचं. विशेषण: यासुकात्तारा, योकात्तारा, नाकात्तारा. नाम: आमे दात्तारा. सभ्य रूपही चालतं: किमाशितारा.

नारा: कोणतंही साधं रूप अधिक नारा. इकु नारा, इत्ता नारा, इकानाइ नारा, यासुइ नारा. नाम आणि ‘ना’ विशेषणाला थेट नारा, मध्ये ‘दा’ नको: आमे नारा, शिजुका नारा. तोमध्ये दा हवा, नारामध्ये नको. ही जोडी एकत्रच पाठ करा.

‘तारा’ आणि आपला ‘तर’ कानाला जवळचे वाटतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फुकटचा आधार म्हणून वापरायला हरकत नाही.

तो: ‘दाबलं की’

कोनो बोतान ओ ओसु तो, किप्पु गा देमास. (हे बटण दाबलं की तिकीट येतं.)
हारु नि नारु तो, साकुरा गा साकिमास. (वसंत आला की साकुरा फुलतो.)
मास्सुगु इकु तो, हिदारि नि गिन्कोओ गा आरिमास. (सरळ गेलं की डावीकडे बँक आहे.)

यंत्रं, निसर्ग, रस्ता सांगणं, रोजच्या सवयी: जिथे पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं, तिथे तो. बोलणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच नाही, म्हणून दुसऱ्या भागात आज्ञा, विनंती, इच्छा, आमंत्रण, परवानगी यांतलं काहीच बसत नाही. ‘हारु नि नारु तो, क्योओतो ए इकिताइ’ चूक. इच्छा आली की तारा: ‘हारु नि नात्तारा, क्योओतो ए इकिताइ’.

मराठी फसवते ती इथेच. आपल्या ‘की’ला असलं बंधन नाही. ‘पोचलास की फोन कर’ हे उत्तम मराठी आहे, पण त्याचं ‘त्सुकु तो, देन्वा शिते’ केलं तर ते जपानी राहत नाही. म्हणून ‘की’ दिसला की लगेच तो लावू नका, आधी वाक्याचा शेवट तपासा.

ताकीद द्यायला ‘नाइ तो’ फार उपयोगी: इसोगानाइ तो, ओकुरेरु यो. (घाई केली नाहीस तर उशीर होईल हं.)

भूतकाळात तोचं वेगळंच रूप दिसतं: मादो ओ आकेरु तो, युकि गा फुत्ते इता. ‘खिडकी उघडून बघतो तर बर्फ पडत होता.’ हा आपला ‘बघतो तर’ नीट पाहा. घटना होऊन गेलेली, तरी क्रियापद वर्तमानकाळी, आणि पुढे अनपेक्षित काहीतरी. जपानी ‘आकेरु तो’ची घडण अगदी तीच आहे. बोलताना इथे ‘आकेतारा’ही चालतं. कथा-कादंबऱ्यांत तो जास्त दिसतो.

बा: ‘घेतलं म्हणजे’

बाचा रोख अटीवर असतो: काय केलं म्हणजे हवं ते होईल? म्हणून सल्ला विचारताना हमखास बा येतो. दोओ सुरेबा इइ देस का? (काय केलं म्हणजे जमेल?) कोनो कुसुरि ओ नोमेबा, नाओरिमास. (हे औषध घेतलं म्हणजे बरं वाटेल.) यासुकेरेबा, काइमास. (स्वस्त असेल तर घेईन. नसेल तर नाही, हे न बोलताही कळतं.)

परिणाम बहुधा हवाहवासा असतो. ‘जास्त खाल्लं तर वजन वाढेल’ अशा नकोशा गोष्टींना बापेक्षा तो किंवा तारा बरा वाटतो: ताबेसुगिरु तो, फुतोरु.

बाचा एक नियम किचकट आहे. पहिल्या भागात कृती असेल आणि दोन्ही भागांचा कर्ता एकच असेल, तर दुसऱ्या भागात विनंती, आज्ञा किंवा इच्छा चालत नाही. ‘निहोन ए इकेबा, फुजिसान ओ मिताइ’ (जपानला गेलो तर फुजी पाहायचाय) म्हणून चूक, तिथे ‘इत्तारा’ हवं. पण पहिल्या भागात कृतीऐवजी स्थिती असली की वाट मोकळी: जिकान गा आरेबा, किते कुदासाइ. (वेळ असेल तर या.) असणं, नसणं, जमणं, विशेषणं हे सगळं स्थितीत येतं.

म्हणींमध्ये बा भरपूर सापडतो. ‘चिरि मो त्सुमोरेबा यामा तो नारु’: धूळसुद्धा साचत गेली म्हणजे डोंगर होतो. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. ‘सुमेबा मियाको’: राहिलं म्हणजे कोणतंही गाव राजधानी वाटतं.

आणि ‘-लाच पाहिजे’ सांगणारं लांबलचक ‘नाकेरेबा नारिमासेन’ घोकून पाठ करण्याऐवजी फोडून पाहा. इकानाकेरेबा नारिमासेन: ‘न जाऊन चालायचं नाही’. दोन नकार, अर्थ सक्तीचा. मराठी घरांत हे रोज बोललं जातं, त्यामुळे आपल्याला ते अवघड जाऊ नये. बोलताना याचं आखडून ‘इकानाक्या’ होतं.

तारा: अडला की हाच

चारींत सर्वांत मोकळा तारा. दुसऱ्या भागात विनंती, इच्छा, सल्ला, काहीही चालतं. आमे गा फुत्तारा, इकिमासेन. (पाऊस आला तर जाणार नाही.) याची दुसरी बाजू ‘-ल्यावर’ची आहे, जिथे शंका नसतेच: ज्यूजि नि नात्तारा, देमाशोओ. (दहा वाजले की निघू.) दहा तर वाजणारच. म्हणून इथे ‘मोशि’ लावायचा नाही. ‘जर दहा वाजले’ म्हटलं की मराठीतही ऐकणारा घड्याळाकडे संशयाने बघेल.

सुचवायलाही तारा: सुकोशि यासुंदारा दोओ देस का? (जरा आराम केलात तर?) ओसाका-क्योतोकडच्या बोलण्यात तर इतरत्र बा येईल अशा पुष्कळ ठिकाणीही ताराच ऐकू येतो. बोलताना अडलात तर तारा वापरा, बहुतेक वेळा निभावतं. फक्त नाराच्या जागी तारा चालत नाही, आणि औपचारिक लेखनात सर्वसाधारण नियम सांगताना तो किंवा बा शोभतो.

नारा: ‘म्हणतोस तर’

समोरच्याने काही सांगितलं, किंवा त्याचा बेत दिसला, आणि ते धरून आपण बोललो की नारा. कोणी म्हणालं, ‘ओन्सेनला जायचंय’, तर उत्तर: ओन्सेन नारा, हाकोने गा इइ देस यो. (गरम पाण्याचे झरे म्हणत असाल तर हाकोने चांगलं.) इथे नारा नुसता विषय उचलतो.

कॅमेऱ्याची ही जोडी पाहा. निहोन ए इकु नारा, कामेरा ओ कात्ता होओ गा इइ: जपानला जाणार असशील तर कॅमेरा घेतलेला बरा, म्हणजे जायच्या आधी, इथेच. निहोन ए इत्तारा, कामेरा ओ कात्ता होओ गा इइ: जपानला गेलास की घे, म्हणजे तिथे. खरेदी कोणत्या देशात करायची हे दोन अक्षरांवर ठरतं.

जे घडणार हे नक्की आहे, तिथे नारा बसत नाही. ‘ज्यूजि नि नारु नारा’ म्हणजे दहा वाजतील की नाही यावर चर्चा चालू असल्यासारखं.

‘असतं तर’: न घडलेल्या गोष्टी

‘लवकर उठलो असतो तर गाडी मिळाली असती’ यासाठी जपानीत वेगळं क्रियापदरूप नाही. तीन तुकड्यांनी काम भागतं.

पहिला तुकडा: अटीत ‘-ते इतारा’ किंवा ‘-ते इरेबा’. हायाकु ओकिते इतारा… नुसतं ‘ओकितारा’ म्हटलं आणि पुढे भूतकाळ आला, तर ते ‘लवकर उठून बघतो तर’ असं खरंच घडलेल्यासारखं वाटू शकतं. ‘-ते इ-’ने ती शंका जाते.

दुसरा: परिणाम भूतकाळात. …मानिआत्ता.

तिसरा: शेवटी हळहळ, ‘नोनि’. हायाकु ओकिते इतारा, मानिआत्ता नोनि. नोनिऐवजी ‘दारोओ’ लावला की हळहळ जाऊन शांत अंदाज उरतो. ‘माहीत असतं तर आलो नसतो’ हे नोनिशिवायही पुरं होतं: शित्ते इरेबा, कोनाकात्ता.

मराठी माणूस इथे एका ठिकाणी नक्की अडखळतो. ‘पैसे असते तर घेतलं असतं’ हे आपण आत्ताबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीबद्दलही. जपानी या दोन्हींत फरक करते. आत्ता पैसे नाहीत म्हणून: ओकाने गा आरेबा, काउ नोनि. तेव्हा नव्हते म्हणून: ओकाने गा आत्तारा, कात्ता नोनि. ‘असतं’ दिसलं म्हणून सरसकट भूतकाळ करू नका. आधी काळ ठरवा.

पश्चात्तापाला ‘योकात्ता’ जोडा: किकेबा योकात्ता (विचारलं असतं तर बरं झालं असतं), इवानाकेरेबा योकात्ता (बोललो नसतो तर बरं झालं असतं). आणि कोणाचं आमंत्रण हळूच टाळायचं असेल तर वाक्य अर्धवट सोडा: जिकान गा आरेबा इकिताइ न देस गा… (वेळ असता तर आलो असतो, पण…) पुढचं बोलायची गरज नसते. बोललात तर उलट खटकतं.

‘समजा’ आणि ‘धरून चालू’

शक्यता किती आहे हे बाजूला ठेवून नुसतं गृहीत धरायचं असेल, तेव्हा ‘तो सुरु’ (असं धरणं) हे क्रियापद वापरतात आणि त्यालाच तारा, बा किंवा तो जोडतात. सुरुवातीला ‘कारि नि’, म्हणजे ‘समजा’.

कारि नि ह्याकुनिन कुरु तो शितारा, इसु गा तारिमासेन. (समजा 100 माणसं आली, तर खुर्च्या पुरणार नाहीत.)

‘कितारा’ आणि ‘कुरु तो शितारा’ यांत फरक आहे. पहिल्यात माणसं येण्याची शक्यता मनात आहे, दुसऱ्यात आपण कागदावर हिशेब मांडतोय. ‘तो सुरु तो’ निष्कर्ष काढताना येतो: जिसोकु 60 किरो दे हाशिरु तो सुरु तो, 3 जिकान काकारु. (ताशी 60 किलोमीटर वेग धरला तर 3 तास लागतात.)

आणखी दोन शब्द कामाचे. ‘मान-इचि’, शब्दशः ‘दहा हजारांत एक’: मान-इचि जिशिन गा ओकितारा… (न जाणो, भूकंप झालाच तर…) इमारतींतल्या सूचनांत हा भेटेल. दुसरा ‘तातोए’, ज्याच्याबरोबर ‘ते मो’ लागतो: तातोए आमे गा फुत्ते मो, यारिमास. (अगदी पाऊस आला तरी करणार.) तरचा तारा, तरीचा ते मो.

अंदाजाच्या पायऱ्या मराठीत ‘असेल, असावा, असणार’ अशा असतात. जपानीत कामोशिरेनाइ (असेलही, नसेलही), दारोओ / देशोओ (बहुतेक असेल), हाजु (हिशेबाने असायलाच हवा), नि चिगाइनाइ (नक्कीच असणार). यांतला हाजु स्वतःच्या इराद्यासाठी वापरू नका. ‘मी उद्या जाणार आहे’ याचं ‘इकु हाजु’ केलं तर तुमच्या जाण्याची तुम्हालाच खात्री नाही असं वाटतं. तिथे ‘इकु त्सुमोरि’ म्हणा.

कचेरीतली तयार वाक्यं

पुण्या-मुंबईत जपानी कंपन्यांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी ही तीन आहेत तशी पाठ करावी, त्यांत कल्पकता नको:

योरोशिकेरेबा… (आपली हरकत नसेल तर…)
देकिरेबा, किन्योओबि मादे नि ओनेगाइशिमास. (जमल्यास शुक्रवारपर्यंत.)
गोफुमेइ ना तेन गा गोजाइमाशितारा, गोरेन्राकु कुदासाइ. (काही शंका असल्यास कळवावे.)

सराव

रोजची 10 क्रियापदं घेऊन प्रत्येकाची चारही रूपं मोठ्याने म्हणा, होकारार्थी आणि नकारार्थी, म्हणजे 80. रूपं तोंडात बसल्यावर वाक्यांकडे वळा आणि प्रत्येक वाक्याला याच क्रमाने विचारा: समोरच्याचं बोलणं किंवा बेत धरून बोलतोय का, की दुसरी गोष्ट आधी घडायची आहे? तर नारा. शेवटी विनंती, आज्ञा, इच्छा आहे? तर तारा. परिणाम दर वेळी आपोआप होतो? तर तो. काय केलं म्हणजे होईल, यावर जोर आहे? तर बा. ही पाच करून पाहा, उत्तरं खाली आहेत.

1. ओसाकाला पोचलास की फोन कर.
2. जपानी शिकायचं असेल तर आधी काना (जपानी अक्षरं) पाठ कर.
3. चष्मा लावला नाही तर दिसत नाही.
4. कुठे गेलं म्हणजे तिकीट मिळेल?
5. दार उघडून बघतो तर आत कोणीच नाही.

1. ओओसाका नि त्सुइतारा, देन्वा शिते. मराठीत ‘की’ असला तरी शेवटी विनंती आहे.
2. निहोंगो ओ नाराउ नारा, माजु काना ओ ओबोएते. पाठांतर शिकण्याच्या आधी करायचंय.
3. मेगाने ओ काकेनाइ तो, मिएनाइ. दर वेळी होतं.
4. दोको ए इकेबा, किप्पु गा काएमास का?
5. दोआ ओ आकेरु तो, नाका नि वा दारे मो इनाकात्ता. ‘आकेतारा’ लिहिलं असेल तर तेही बरोबर. मात्र शेवट ‘इनाइ’ केला असेल तर चूक: मराठीत ‘कोणीच नाही’ असं वर्तमानकाळी चालतं, जपानीत इथे भूतकाळच लागतो.